लाल छत्रीखालची मार्केसा

जेनोआतल्या एका वाड्याच्या गच्चीवर एक तरुण स्त्री चालत आली आहे. अंगात पायघोळ काळा झगा, गळ्याभोवती चुणीदार पांढरी कॉलर, मनगटांवर लालभडक कफ आणि हातात एक लहानशी डहाळी. मागे उंच पन्हळी खांब, त्यांच्या पलीकडे झाडी आणि ढगाळ आभाळाचा तुकडा. तिच्या मागोमाग पिवळ्या सोनेरी कपड्यांतला एक कृष्णवर्णीय तरुण सेवक आहे. त्याने तिच्या डोक्यावर लाल छत्री धरली आहे. ती समोर पाहते आहे, पण वरून खाली. ॲन्थनी व्हॅन डाइकने १६२३ साली काढलेले हे तैलचित्र ‘मार्केसा एलेना ग्रिमाल्दी कत्तानेओ’ या नावाने ओळखले जाते आणि आज अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. उंची सुमारे २४३ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १३९. म्हणजे साध्या घरात हे चित्र जेमतेमच मावेल. त्याला वाड्यातले दिवाणखानेच हवेत.

मार्केसा म्हणजे मार्केसे हा सरदारी किताब लावणाऱ्या घराण्यातली स्त्री. एलेना जन्माने ग्रिमाल्दी आणि लग्नाने कत्तानेओ. ही दोन्ही नावे जेनोआच्या जुन्या, गर्भश्रीमंत घराण्यांतली. तिने स्वतः काय केले, काय लिहिले, काय बोलली याची नोंद इतिहासात जवळजवळ नाही. तरीही सतराव्या शतकातल्या स्त्रियांमध्ये तिची ओळख पटकन पटते, ती या एका कॅनव्हासमुळे.

युरोपच्या कलेतला साधारण १६०० ते १७५० हा काळ बरोक म्हणून ओळखला जातो. वेडावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले असे सामान्यतः मानले जाते आणि सुरुवातीला ते नाव कौतुकाचे नव्हते. आधीच्या रेनेसाँच्या कलेला तोल आणि स्थैर्य प्रिय होते. बरोकला हालचाल हवी, उजेड-अंधाराचा खेळ हवा, पाहणाऱ्याला जागच्या जागी थबकवणारा थाट हवा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेत ज्यांनी सोन्याच्या मुलाम्याची वेदी नजर वर वर नेत पाहिली आहे, त्यांना बरोक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तिथे जे काम वेदी करते, ते एलेनाच्या चित्रात खांब, झगा आणि छत्री मिळून करतात.

हा थाट जेनोआतच का फुलला, याचे उत्तर त्या शहराच्या तिजोरीत आहे. जेनोआ हे प्रजासत्ताक होते. १५२८ मध्ये आंद्रेआ दोरियाने घालून दिलेल्या घडीप्रमाणे मोजकी सरदार घराणी कारभार पाहत आणि दोन वर्षांसाठी एक डोजे, म्हणजे राज्यप्रमुख, निवडत. बंदर मोठे, मागची जमीन डोंगराळ आणि नापीक. तेव्हा या घराण्यांनी पैशाचाच धंदा केला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्पेनच्या राजाचे खरे सावकार जेनोआचे होते. नेदरलँड्समध्ये लढणाऱ्या स्पॅनिश फौजांचा पगार त्यांच्या हुंड्यांवर भागे आणि त्या कर्जाची फेड अमेरिकेतून गलबतांनी येणाऱ्या चांदीतून होई. या चांदीवर ‘स्त्रादा नुओवा’ म्हणजे नवा रस्ता उभा राहिला: दोन्ही बाजूंना एकापेक्षा एक भव्य वाडे, आत जिने, गच्च्या, टांगत्या बागा. २००६ साली हे रस्ते आणि वाडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले.

पैसा होता, वाडे होते, पण राजा नव्हता. त्यामुळे युरोपच्या दरबारांत जेनोआच्या वकिलांना मानाची जागा मिळवताना अडचण येई, कारण राजमुकुट असलेल्यांचा मान पहिला. १६३७ मध्ये जेनोआने यावर नामी तोड काढली. कुमारी मेरीलाच शहराची राणी जाहीर केले आणि आपल्या राज्याला मुकुट मिळवून दिला. हा सगळा खटाटोप डोळ्यांपुढे ठेवला की चौदा वर्षे आधी काढलेल्या या चित्राचा हेतू उलगडतो. राजा नसलेल्या गावातल्या सावकार घराण्याला आपल्या सुनेचे चित्र राणीसारखे हवे होते.

अशा चित्राचा साचा व्हॅन डाइकने स्वतः घडवला नव्हता. तो त्याआधी सतरा वर्षे पीटर पॉल रूबेन्सने जेनोआतच घालून दिला होता. रूबेन्स १६०० ते १६०८ इटलीत होता. मांतुआचा ड्यूक विन्चेन्झो गोन्झागा याच्या पदरी तो चित्रकार होता आणि तिथून जेनोआला त्याच्या फेऱ्या होत. १६०६ मध्ये त्याने बावीस वर्षांच्या ब्रिजिदा स्पिनोला दोरियाचे चित्र काढले. तिचे लग्न आदल्याच वर्षी झाले होते. पांढऱ्या सॅटिनचा चकाकता झगा, चाकाएवढी कॉलर, मागे वाड्याची दर्शनी बाजू आणि फडफडणारा लाल पडदा. त्याआधी उभ्या, पूर्णाकृती व्यक्तिचित्रात माणसे बहुधा बंद खोलीत, टेबलाशेजारी, खिळल्यासारखी उभी असत. रूबेन्सने त्या स्त्रीला वाड्याबाहेर, मोकळ्या उजेडात आणले आणि पाहणाऱ्याची नजर खाली ठेवली. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत या चित्राचा त्याने केलेला कच्चा आराखडा आहे. कुठल्या जागी कोणता रंग यायचा याची टिपणे त्याने त्यातच लिहून ठेवली आहेत.

ब्रिजिदाच्या चित्राचे पुढे जे झाले ते मात्र वाईट झाले. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी कॅनव्हास चारही बाजूंनी कापला. १८४८ च्या एका शिळाछापात मूळ चित्र दिसते: पूर्णाकृती स्त्री, गच्ची आणि पलीकडची बाग. आज पाय नाहीत, बाग नाही. उरले आहे ते जेमतेम दीड मीटर उंचीचे चित्र. रूबेन्सने जेनोआच्या वाड्यांचे नकाशे आणि दर्शनी भाग यांचे एक पुस्तकही १६२२ मध्ये अँटवर्पहून छापले. त्याला त्या शहरातली दगडी श्रीमंती किती भावली होती, याचा तो पुरावाच.

व्हॅन डाइक रूबेन्सच्याच हाताखाली तयार झालेला. १५९९ साली अँटवर्पमध्ये जन्म. बाप कापडाचा व्यापारी, आई भरतकामात निष्णात. रेशीम, मखमल, जर यांच्यात वाढलेल्या मुलाचा हात कापड रंगवताना का थरथरत नाही, हे यावरून कळावे. १६२१ च्या अखेरीस तो जेनोआला पोचला आणि पुढची सहा वर्षे इटलीत राहिला. जेनोआत त्याचा मुक्काम कॉर्नेलिस आणि लुकास द वाल या फ्लेमिश चित्रकार भावांकडे असे. या प्रवासात त्याने बाळगलेली रेखाटनांची वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिची पाने व्हेनिसच्या तिशियन या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेल्या नोंदींनी भरली आहेत. वागण्यात तो स्वतःच सरदारासारखा: रेशमी कपडे, टोपीला पिसे, गळ्यात सोन्याची साखळी, मागे नोकर. रोममधले फ्लेमिश चित्रकार या मिजाशीवरून त्याच्यावर खार खात. पण ज्यांची चित्रे काढायची त्यांच्यात बसण्याउठण्याची त्याला सवय होती आणि धंद्यात ती उपयोगी पडली.

एलेनाचे चित्र काढताना तो अवघा चोवीस वर्षांचा होता.

चित्रातली पहिली करामत नजरेच्या उंचीची आहे. क्षितिज बरेच खाली ठेवल्यामुळे पाहणारा जणू बागेतल्या खालच्या पायरीवर उभा आहे आणि एलेना वर. त्यातच शरीराचे प्रमाण बदलले आहे. झग्याचा घेर लांब, कमरेवरचा भाग त्या मानाने आखूड आणि डोके लहान. खऱ्या माणसाचे डोके शरीराच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे असते. इथे ते त्याहून बारीक दिसते. साध्या भाषेत हे चूक म्हणता येईल. पण समोर उभे राहिल्यावर चूक वाटत नाही, उंची वाटते. उंच खांबांच्या उभ्या पन्हळी आणि झग्यावरच्या उभ्या रेषा या भासाला आणखी बळ देतात. पुढे टाकलेले पाऊल झग्याखाली झाकलेले आहे. हालचाल कळते ती कापडाच्या ओढीवरून.

दुसरी करामत काळ्या रंगाची. काळा पोशाख म्हटला की आज सुतक आठवते, पण सतराव्या शतकात तो स्पॅनिश दरबाराचा आणि म्हणून स्पेनशी व्यवहार असलेल्या जेनोआचाही मानाचा रंग होता. शिवाय तो महाग होता. मायफळ आणि लोखंडाच्या क्षारांनी रंगवलेले काळे कापड कालांतराने तपकिरी पडे आणि विरून जाई. खोल, टिकाऊ काळ्यासाठी नीळ आणि मंजिष्ठेसारखे रंग एकावर एक चढवावे लागत किंवा मध्य अमेरिकेतून येणारे, पतंगाच्या झाडासारखे रंग देणारे लाकूड वापरावे लागे. चित्रकारासाठी काळे कापड म्हणजे परीक्षाच, कारण सगळे काळेच रंगवले तर तिथे नुसते भोक दिसते. कसबी चित्रकार त्यासाठी वेगवेगळे काळे वापरत: हाडे जाळून केलेला उबदार काळा, कोळशाचा निळसर झाक असलेला काळा. घडीच्या कडेवर करड्या रंगाचा एखादाच फटकारा मारला की रेशीम वळते. एलेनाच्या झग्यात हे काम इतके संयमाने झाले आहे की घाईने पाहणाऱ्याला तिथे फक्त एक काळा आकार दिसतो.

त्या काळ्यावर कॉलरचा पांढरा. ‘रफ’ नावाची ही कॉलर तलम कापडाच्या लांबच लांब पट्टीला चुण्या घालून करत. तिला खळ लागे, तीही घट्ट, आणि ओली असतानाच तापवलेल्या लोखंडी सळयांनी एकेक चुणी बसवावी लागे. पावसात किंवा घामाने ती पडली की सगळी मेहनत पुन्हा. म्हणजे ती कॉलर घालणाऱ्या बाईच्या घरात हे करायला माणसे आहेत, हे सांगायला वेगळा शब्द नको. अशी कॉलर घातली की मान वाकवता येत नाही आणि मान ताठ राहिली की चेहऱ्यावर आपोआप रुबाब येतो. एलेनाचे डोके त्या पांढऱ्या चाकावर ताटात ठेवल्यासारखे अलग दिसते.

आणि मग लाल. चित्रात ठसठशीत लाल दोन ठिकाणी आहे, मनगटांचे कफ आणि छत्री. कफांमुळे काळ्या झग्यात हरवू शकले असते ते हात दिसतात. छत्रीमुळे चेहरा दिसतो. दोन कफ आणि छत्री मिळून एक त्रिकोण होतो आणि नजर त्यातच फिरत राहते. छत्रीचा गोल तिच्या डोक्यामागे असा आला आहे की संतांच्या चित्रांतले तेजोवलय आठवावे. मराठी वाचकाला मात्र तेजोवलयाआधी दुसरेच काही आठवेल. छत्र-चामरांची सवय असलेल्या डोळ्याला राजाच्या डोक्यावर छत्र का असते हे सांगावे लागत नाही. इटलीतही हा अर्थ परका नव्हता: व्हेनिसच्या डोजेच्या मिरवणुकीत मानाची छत्री असे. ऊन अडवण्यासाठी धरलेली वस्तू आणि सत्तेची खूण यांच्यातली सीमारेषा व्हॅन डाइकने मुद्दामच पुसट ठेवली आहे.

छत्री धरणाऱ्या तरुणाबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत. श्रीमंत स्त्रीच्या चित्रात कृष्णवर्णीय सेवक दाखवण्याची पद्धत तिशियनने सोळाव्या शतकात लाउरा दियान्तीच्या चित्रात वापरली आणि नंतर ती युरोपभर पसरली. जेनोआ हे गुलामांच्या व्यापाराचे जुने बंदर. सरदारांच्या घरांत उत्तर आफ्रिकेतून आणि त्याच्याही दक्षिणेकडून आणलेली माणसे राबत. चित्रात या तरुणाचे काम दुहेरी आहे. मालकिणीचा गोरा रंग अधिक गोरा दिसावा आणि तिच्या घराण्याचा हात समुद्रापार पोचतो हे कळावे. पण व्हॅन डाइकने त्याला ठोकळा केलेले नाही. मान वर करून तो छत्री सावरतो आहे, डोळे मालकिणीकडे आहेत, चेहऱ्याचा अर्धा भाग उजेडात नीट घडवलेला आहे. चित्राच्या नावात मात्र तो नाही आणि त्याचे नाव कुठल्या नोंदीतही सापडलेले नाही.

हे सगळे ज्या माध्यमामुळे जमते ते तैलरंग. जवसाचे कापड चौकटीवर ताणून त्यावर सरसाचा हात फिरवत, मग रंगीत अस्तर चढवत. कोरड्या रंगाची पूड जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, लालसाठी हिंगूळ, आणि हिंगुळावर खोल लाल हवा असेल तर किरमिजाचा पारदर्शक थर. हे किरमिज मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून करत आणि ते चांदीसारखेच स्पॅनिश गलबतांतून युरोपात येई. तेल सावकाश सुकते, म्हणून एका छटेतून दुसरीत अलगद जाता येते. आणि सुकलेल्या थरावर पातळ पारदर्शक थर दिला की उजेड आतून आल्यासारखा वाटतो. व्हेनिसच्या चित्रकारांची ही रीत व्हॅन डाइकने तिशियनची चित्रे पाहून आत्मसात केली. चेहरा आणि हात यांना त्याने गुळगुळीत, आटोपशीर हात दिला. आभाळ आणि झाडी मात्र मोकळ्या, जवळजवळ बेफिकीर फटकाऱ्यांत उरकली.

चेहरा कसा उजळायचा याबद्दल त्याला पुढच्याच वर्षी एक सल्ला मिळाला. १२ जुलै १६२४ रोजी तो पालेर्मोत सोफोनिस्बा आंगिस्सोला या वृद्ध चित्रकर्तीला भेटला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या दरबारात व्यक्तिचित्रे काढलेली ही बाई नंतर अनेक वर्षे जेनोआत राहिली होती. आता वय नव्वदीच्या पुढे, दृष्टी मंदावलेली, बुद्धी तल्लख. व्हॅन डाइक तिचे चित्र काढत असताना तिने त्याला बजावले की उजेड फार वरून घेऊ नकोस, सुरकुत्या उठून दिसतील. त्याने वहीत तिचे रेखाटन केले आणि शेजारी ही भेट टिपून ठेवली. व्यक्तिचित्राच्या धंद्यातली सगळी व्यवहारबुद्धी त्या सूचनेत आहे. एलेनाच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहिला की हे धोरण व्हॅन डाइकला त्याआधीच साधले होते असे दिसते.

१६२३ मध्येच त्याने एलेनाच्या दोन मुलांचीही चित्रे काढली. मुलगा फिलिप्पो, चारेक वर्षांचा, हातात कुत्र्याच्या पिल्लाची दोरी धरून मोठ्या माणसाच्या ऐटीत उभा आहे. त्याची धाकटी बहीण हातात सफरचंद घेऊन गोंधळल्यासारखी पाहते. आईच्या चित्रापेक्षा ही दोन चित्रे पुष्कळांना अधिक आवडतात आणि त्यात नवल नाही: घराण्याचा अभिमान दोघांच्या कपड्यांत आहे, पण चेहऱ्यावर अजून उतरलेला नाही.

जेनोआची सावकारी फार काळ टिकली नाही. १६२७ मध्ये स्पेनने दिवाळे काढले आणि जेनोआच्या घराण्यांना जबर फटका बसला. त्याच वर्षी व्हॅन डाइक अँटवर्पला परतला. १६३२ मध्ये तो इंग्लंडला गेला, पहिल्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार झाला, सरही झाला आणि १६४१ मध्ये लंडनमध्ये वारला. चार्ल्स आणि त्याच्या दरबाऱ्यांची जी उंच, सडपातळ, किंचित उदास चित्रे पुढे प्रसिद्ध झाली, त्यांची तालीम जेनोआच्या गच्चीवर झालेली होती.

एलेना आणि तिची मुले मात्र जेनोआतच, कत्तानेओंच्या वाड्यात राहिली, जवळजवळ तीन शतके. विसाव्या शतकाच्या आरंभी घराण्याने आपली व्हॅन डाइकची चित्रे विकली आणि ती इटलीबाहेर गेली, तेव्हा इटलीत मोठा गदारोळ उठला. १९०९ मध्ये इटलीने कलावस्तूंच्या निर्यातीवर कडक कायदा केला. तोवर १९०८ मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर वायडनरने एलेनाचे चित्र विकत घेतले होते. वायडनर मूळचा खाटीक; अमेरिकेच्या यादवीत सैन्याला मटण पुरवून त्याने पहिला पैसा केला आणि ट्रामगाड्यांच्या धंद्यात तो वाढवला. कर्ज देऊन मोठे झालेल्या घराण्याची सून मटण विकून मोठे झालेल्या माणसाच्या दिवाणखान्यात गेली, यात विसंगती कमी आणि सातत्यच जास्त आहे. १९४२ मध्ये त्याचा मुलगा जोसेफ याने सारा संग्रह नॅशनल गॅलरीला दिला. कापलेली ब्रिजिदाही १९६१ मध्ये त्याच संग्रहालयात आली.

खांब, पडदा, गच्ची आणि मागे देखावा हा साचा पुढे इंग्लंडमध्ये गेन्सबरो आणि रेनल्ड्स या चित्रकारांनी वापरला. तिथून तो संस्थानिकांच्या तैलचित्रांपर्यंत हिंदुस्थानात पोचला. बडोद्याच्या गायकवाडांसाठी रविवर्म्याने काढलेल्या राजघराण्यातल्या व्यक्तींच्या चित्रांचे नाते त्याच परंपरेशी आहे. आणि त्याची अगदी शेवटची, कापडावर रंगवलेली शाखा जुन्या फोटो स्टुडिओंत होती. रंगवलेला खांब, रंगवलेला जिना, अर्धवट सारलेला पडदा आणि त्यापुढे नऊवारीत ताठ उभी राहिलेली आजी. असे फोटो अजून कितीतरी मराठी घरांत आहेत.

एलेनाचे चित्र नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात, विनामूल्य पाहता येते. पडद्यावर ते उघडले की छत्री आणि दोन्ही कफ बोटांनी झाकून पाहावेत. उरते ती गंभीर चेहऱ्याची, काळ्या कपड्यांतली एक तरुण बाई. मग बोटे काढावीत.